मांडूळ चारच होते

जमनीला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. दोन हजार तीनचा डिसेंबर होता. चौथीचा वर्ग घेऊन मी लोहाऱ्याच्या रस्त्यावरच्या सर्पालयात गेले होते. एका खासगी संस्थेनं चालवलेलं लहानसं ठिकाण. टिनाची शेड, तेवीस काचेच्या पेट्या, मागच्या बाजूला उंदरांची खोली. नागासमोर आणि धामणीसमोर पोरं शहाण्यासारखी ओळीत उभी राहिली. शेवटच्या चार पेट्यांपाशी मात्र ओळ मोडली. त्या पेट्यांत नुसती माती होती.

"बाई, इथं काहीच नाही!"

"बाई, तिकिटाचे पैसे वापस मागा!"

कोपऱ्यात एक बाई उकिडवी बसून फरशी पुसत होती. तिनं मानही न वळवता म्हटलं, "छ."

पोरं खिदळली. एकानं लगेच "छ, छ, छ" असं आगगाडीसारखं सुरू केलं. मी त्याला दटावलं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता. नेरजवळच्या एका तांड्यावरच्या शाळेत मी अकरा वर्षं काढली होती. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत 'छ' म्हणजे 'आहे'.

तेवढ्यात ती उठली. पस्तिशीची, उंच, हातात फडकं. "हाय म्हनते मी. तुमच्या पोरायले डोये हायेत का बटनं, बाई?"

मी काही बोलायच्या आत तिनं एका पेटीचं झाकण सरकवलं, हात मनगटापर्यंत मातीत घातला आणि डोळे मिटून क्षणभर थांबली. हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर काळा, चकचकीत, बुटाच्या नाडीएवढा एक जीव वळवळत होता.

"हा साप?" आगगाडीवाल्यानं विचारलं.

"मंग काय शेवई हाय? वाळा म्हनते याले. याले दिसत नाई, तरी याले समजते कोन कुठं उभं हाय. तुमाले दिसते, तरी तुमाले समजत नाई." दोन मिनिटांनी तिनं तळवा मातीवर टेकवला. वाळा आत शिरला, आणि पेटी पुन्हा रिकामी दिसू लागली. "जाऊ द्या त्याले घरी."

परतीच्या वाटेवर पोरांनी नागाचं नावही काढलं नाही.

दोन हजार पाचमध्ये मी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी सर्पालयाच्या सल्लागार समितीवर मला घेतलं. समितीचं काम म्हणजे दर तीन महिन्यांनी चहा. पण त्या निमित्तानं माझं तिकडं जाणं वाढलं आणि जमनीचं काम मी जवळून पाहिलं.

कागदावर ती रोजंदारीची झाडूवाली होती. नाग-धामणींकडे पाहायला दोन सर्पमित्र यायचे, त्यांचे फोटो छापून यायचे. मातीच्या चार पेट्या मात्र कुणालाच नको होत्या, म्हणून त्या जमनीकडे आल्या. एकीत मांडूळ, एकीत डुरक्या घोणस, एकीत वाळे आणि एकीत सापसुरळ्या. वाळा मुंग्यांची अंडी आणि वाळवी खातो, दुसरं काही नाही. लहानपणी कोंबड्यांना घालायला वाळवी आणायची, म्हणून वारूळ कुठून फोडायचं ते जमनीला ठाऊक होतं. ती कधी अख्खं वारूळ फोडत नसे. एका अंगानं चार ढेकळं काढायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि उघडं पडलेलं अंग ओल्या मातीनं लिंपून यायची. आधी हे तिला तिच्या तांड्यामागच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मिळे. नंतर कपाशीवर आठवड्याआड फवारे सुरू झाले आणि धुऱ्यावरच्या मुंग्यासुद्धा गेल्या. मग ती रोज सकाळी तीन किलोमीटर चालून टेकडीवर जायची आणि तिथून कामावर यायची. त्या चालण्याची कुणी तिला मजुरी दिली नाही, आणि तिनं मागितलीही नाही.

मातीच्या पेट्यांशेजारी भिंतीवर एक तक्ता होता. त्यात परदेशातला एक विचित्र प्राणी होता. गुलाबी, वळ्यावळ्यांचा, थेट गांडुळासारखा. जमनीनं एकदा मला तो वाचून दाखवायला सांगितला.

"हा सापही नाही आणि गांडूळही नाही," मी वाचलं. "हा सरड्यांचा सोयरा आहे. पाय गेलेला. जन्मभर जमिनीखाली राहतो. प्राणिसंग्रहालयांत फार थोड्या ठिकाणी ठेवतात, कारण पाहायला येणाऱ्यांना तो दिसत नाही."

"तिथं बी लोक पैसे वापस मागत असतीन."

"असतील."

"मंग ठेवते कायले?"

"त्याच्याबद्दल कुणालाच फारसं माहीत नाही, म्हणून. तो कसा जगतो ते समजावं म्हणून."

तिनं चित्रातल्या मातीवर बोट ठेवलं. "माती किती देते म्हने?"

मी तक्त्यावर शोधलं. "एक फूट."

हे एक फूट तिनं मनात धरून ठेवलं. कारण संस्थेचे सचिव मारोतराव माती कमी करायच्या मागे होते. मारोतरावांचं बाजारात मोठं कृषी केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. गरीब पोरांना ते दरवर्षी वह्या वाटत, ते मी विसरलेले नाही. पण त्यांना पेटीत माल दिसायला हवा होता. दुकानदाराची नजर.

"जमने, वीतभर माती कायले पायजे? दोन बोटं ठेव. पब्लिक काय माती पाहाले येते?"

"साहेब, परदेशात एक फूट देते."

"तू कवा गेलतीस परदेशात?"

"मी नाई गेली. बाईनं वाचून दाखवलं. तुमी बी वाचा, भितीवरच हाय."

बाकीचे हसले. मारोतराव हसले नाहीत. मला तेव्हा त्या उत्तराची गंमत वाटली होती.

दोन हजार पाचच्याच डिसेंबरात वार्षिक मोजणी झाली. समितीतर्फे मी हजर होते. संस्थेचा कारकून अवधूत रजिस्टर घेऊन पेट्यांवरून फिरत होता. अवधूत चांगल्या घरचा, अक्षर मोत्यासारखं. वडील कचेरीत होते. आपल्या शहरी लोकांची एक समजूत आहे की तांड्यावरच्या माणसाशी हिंदीत बोलायचं असतं. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेल्या, आपल्यापेक्षा चांगली वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाशीसुद्धा. तर अवधूत हिंदीत बोलत होता. नाग, धामण, कवड्या काचेतून दिसत होते. ते त्याने स्वतः मोजले. मातीच्या पेट्यांपाशी आल्यावर त्यानं खुर्ची मागवली, बसला आणि मान खाली घालूनच विचारलं.

"हां, मांडूळ?"

जमनीनं हात मातीत घातला, चाचपला. "छ."

त्यानं लिहिलं.

"डुरक्या घोणस?"

"छ."

"वाळा?"

"छ."

"सापसुरळी?"

तिनं पाचोळा बाजूला केला. "छ."

"चलो, खतम." त्यानं रजिस्टर मिटलं आणि आम्ही चहा प्यायला गेलो. मी तिथून चार हातांवर उभी होते. त्याच्या पेनाची हालचाल मला दिसत होती.

ती वर्षं जिल्ह्याला मोजण्याचीच होती. कापसाच्या भावानं माणसं मरत होती आणि बाहेरून गाड्या भरभरून लोक येत होते, मोजायला. तालुक्याचा आकडा, जिल्ह्याचा आकडा, पात्र किती, अपात्र किती. जमनीच्या तांड्यावरही एक पथक येऊन गेलं. तिचा नवरा डोंगरसिंग दोन एकरांत कपाशी लावत असे. पथकानं त्याला विचारलं, घरात कुणी गेलं का? नाही म्हटल्यावर ते उठलेच. डोंगरसिंग म्हणाला, "जित्या मानसाची त्यायले वही नाई."

त्याच काळात आणखी एक जात फिरत होती, मांडूळ विकत घेणारी. मांडुळाला दोन तोंडं असतात, त्याच्या वजनावर गुप्तधन सापडतं, असल्या थापांवर मोठमोठ्या गाड्या तांड्यांवर यायच्या. एक गाडी जमनीकडेही आली होती. अडीच किलोचा असेल तर बोल, म्हणाला गाडीतला माणूस.

"मग काय केलंस?" मी विचारलं होतं.

"म्या इळा घेतला अन् म्हटलं, पयले तुयं वजन सांग."

दोन हजार सहाच्या मे महिन्यात कुठल्याशा तालुक्यात मांडूळ विकणारे पकडले गेल्याची बातमी आली. मारोतरावांनी रजिस्टर काढलं आणि तातडीनं मोजणी लावली. मला निरोप आला म्हणून गेले. सकाळचे अकरा वाजले होते, आणि अंगणात काय चाललंय ते पाहून मी फाटकातच थांबले.

चारही पेट्या उलट्या केलेल्या होत्या. ताडपत्रीवर मातीचे ढीग, उन्हात. दोन गडी फावड्यानं माती चाळत होते. मांडूळ एका बादलीत टाकलेले. सोळा-सतरा माणसं गोल करून उभी होती.

"चार," मारोतराव म्हणाले. "रजिस्टरात सहा. दोन कुठी गेले?"

"चारच होते, साहेब."

"तूनेच बोला था, छे," अवधूत म्हणाला.

"मी कवा म्हटलं?"

त्यानं पान तिच्यासमोर धरलं. जमनीला वाचता येत नव्हतं. तिनं पानाकडे पाहिलंच नाही. ती गुडघ्यावर बसून ताडपत्रीवरचे वाळे वेचत होती. उन्हात पडलेला वाळा पाच-दहा मिनिटांत वाळून दोऱ्यासारखा होतो. पदर भिजवून ती त्यात एकेक उचलून ठेवत होती.

"मी तुझ्याशी बोलून राह्यलो, जमने. दोन मांडूळ कोनाले विकले?"

"पयले यायले मातीत घाला. मंग मले चोर म्हना. दिवसभर म्हना."

कुणीतरी मागून म्हणालं, "तांड्यावर जाऊन पाहा ना. ह्या लोकायचं काय सांगता येते?"

ह्या लोकांचं. मी अडतीस वर्षं माणसांची पोरं शिकवली, आणि हा शब्द ऐकून मी सावलीत उभी राहिले. तोंडातून "अहो" एवढंच निघालं, तेही अर्धं.

संस्थेची माणसं जीप घेऊन तांड्यावर गेली. कोणत्या अधिकारानं, ते कुणी विचारलं नाही. धान्याची कणगी उपसली. जमनीची लोखंडी पेटी उघडून तिचा लग्नातला फेटिया, आरशांचा, तिच्या आईनं दोन वर्षं बसून शिवलेला घागरा, अंगणात झटकून पाहिला. घागऱ्यात साप लपवला असेल म्हणून. सगळा तांडा पाहत होता. काही सापडलं नाही. तरी जमनीला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

पदरात जमवलेल्या वाळ्यांपैकी तीन वाचले, असं नंतर समजलं.

दोन दिवसांनी मी तांड्यावर गेले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. दारात तिची सासू धुरपताबाई तूर निवडत बसली होती.

"जमनी घरी आहे का, आजी?"

म्हातारीनं वर न पाहता म्हटलं, "छ."

माझा पाय उंबऱ्यावरच राहिला. आतून जमनी आली, पण मला ती दिसेना. मला दिसत होता अवधूतचा पेन. मांडूळ? छ. डुरक्या घोणस? छ. हिंदीत विचारलं होतं त्यानं. हिंदीच ऐकत होता तो. छ. छे, छह. सहा.

"जमनी," मी म्हटलं, "त्या दिवशी अवधूतनं विचारलं तेव्हा तू आकडा सांगितला होतास का?"

"आकडा कुठी विचारला त्यानं? हाय का म्हटलं. हाय म्हटलं म्या."

मी तशीच सर्पालयात गेले आणि रजिस्टर मागितलं. एकाखाली एक, त्या मोत्यासारख्या अक्षरात: मांडूळ ६, डुरक्या घोणस ६, वाळा ६, सापसुरळी ६. चार वेगळ्या जातींचे प्राणी, चारही पेट्यांत बरोब्बर सहा सहा. मी, अवधूत, मारोतराव, सह्या करणारे सात जण. कुणालाही ते पान पाहून शंका आली नाही. पहिलीतल्या पोरानं चार उदाहरणांची उत्तरं एकच लिहिली असती, तर मी त्याला जवळ बोलावून विचारलं असतं.

माझा राग अवधूतवर जेवढा आहे त्याहून जास्त माझ्यावर आहे. अकरा वर्षं तांड्यावरच्या शाळेत पोरं 'छ' म्हणायची आणि मी म्हणायचे, 'छ नाही, आहे म्हण.' हजारो वेळा. ज्या शब्दाला मी पोरांच्या तोंडातून हुसकून लावत होते, तो शब्द चार हातांवर चार वेळा उच्चारला गेला आणि मी चहाची वाट पाहत उभी होते.

मारोतराव दुकानात होते. मी सगळं सांगितलं. रजिस्टर दाखवलं. ते मूर्ख नव्हते, त्यांना लगेच समजलं. ते हसले.

"बाई, गंमतच झाली म्हना की."

"गंमत नाही झाली. तिच्या घराची झडती झाली."

"बरं, येऊ द्या तिले कामावर. उद्यापासून. विषय संपला."

"तुम्ही लेखी द्या. ज्यांच्यासमोर चोर म्हटलं त्यांच्यासमोर सांगा, की मांडूळ चारच होते."

"आता एका झाडूवालीसाठी मी अंगनात सभा भरवू? बाई, तुमी मास्तरीन, तुमी अक्षरावर जाता. मी मानसं सांभाळतो." समोर औषधाच्या डब्यांची उतरंड होती. त्यांनी एका गिऱ्हाइकाला डबा दिला, फवारताना तोंडाला फडकं बांध म्हणाले, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "चहा घेता?"

जमनीला मी निरोप सांगितला. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"सभा नाई तर मी बी नाई," ती म्हणाली. "जीप घेऊन आलते ना? तशीच जीप घेऊन या म्हना. फेटिया झटकला त्या जागेवर उभे राहा, अन् म्हना, चारच होते. तवा येतो."

"आणि ते मांडूळ? पेट्या?"

हात थांबला. तेवढाच. "त्यायले सांगा, वीतभर माती घाला. माह्यासाठी नोको. त्यायच्यासाठी."

समितीच्या पुढच्या सभेत मी माझं लेखी निवेदन वाचलं, 'छ'चा अर्थ, चार वेळा लिहिलेला सहा, झडती, सगळं. एकजण म्हणाले, भाषेचा किस्सा छान आहे. दुसरे म्हणाले, बंजारा समाजाबद्दल सर्वांना आदरच आहे. इतिवृत्तात ओळ आली: 'रजिस्टरातील आकडेवारीबाबत चर्चा झाली.' त्या इतिवृत्तावर मी सही केली नाही आणि समिती सोडली. समितीला त्याचं काही वाटलं नाही.

पेट्यांत दोन बोटं माती पडली. मांडूळ आता सगळ्यांना दिसत. दिवसभर काचेला तोंड घासत, खाली शिरायला जागा शोधत. लोक खूश होते. दिवाळीपर्यंत चारांतले दोन मेले. वाळ्यांच्या पेटीला वाळवी आणणारं कुणी नव्हतं. ती पेटी महिन्याभरात खरीच रिकामी झाली, आणि मग तिच्यात रबरी अजगर ठेवला. तो तक्ता उतरवून तिथं देणगीदारांची नावं लावली, पहिलं नाव मारोतरावांचं.

मी लिहिते आहे ते राग गेला म्हणून नाही.

झडतीनंतरच्याच पावसाळ्यात एका दुपारी जमनी माझ्या घरी आली. पायऱ्यांवर चपला काढल्या, आत आली आणि खुर्ची दाखवली तरी खाली बसली.

"बाई, मले आकडे शिकवा."

मी पाटी शोधली. घरात एक होतीच. एकपासून सुरुवात करावी म्हणून मी पाटीवर १ काढला. तिनं तो हाताने पुसला.

"एक नोको. चार कसा काढते ते सांगा."

मी काढून दाखवला. तिनं पेन्सिल इळ्यासारखी मुठीत धरली आणि पाटीभर चार काढले. वाकडे, उलटे, मग सरळ. पाटी भरल्यावर तिनं तो आकडा बराच वेळ पाहिला.

"असा असते चार," ती म्हणाली. "अन् त्यानं लिव्हलेला?"

मी ६ काढला.

"हा अन् हा? इतका फरक हाय? म्या तर पानाकडे पाह्यलं बी नाई." ती उठून खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "मी पाह्यलं असतं तरी मले दिसलं नसतं. माह्याच डोयाची बटनं होती."

शंभरापर्यंतचे आकडे यायला तिला सात आठवडे लागले. अक्षरं शिकायला ती तयार नव्हती; ती पुढं मुलीकडून शिकली. दोन वर्षांनी डोंगरसिंगनं कपाशी सोडली, आणि ती दोघं उमरखेडकडे मुलीच्या गावी गेली.

जमनी आता तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. रोज किती पोरं जेवली तो आकडा ती पंगतीतून फिरून स्वतः मोजते आणि फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिते.